बोटीवरचे चार स्पीकर

बुडणाऱ्या माणसाला, आपण बुडत आहोत ही सूचना स्वतःच्या भाषेत मिळाली पाहिजे, याबद्दल कुठल्याही सुसंस्कृत समाजात दुमत नसावं. आमच्या भागात तर नाहीच. बीदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. बुडताना तो कुठली निवडेल याचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे.

म्हणून आमच्या तलावावर बोट आली तेव्हा जलक्रीडा मंडळाने (चिटणीस मीच) या प्रश्नाला आधी हात घातला. बोटीवर पाइपांची एक कमान आहे. तिला टॉवर म्हणतात. कमानीच्या मधोमध कडी, कडीला दोरी (बोटीवर दोरी बांधायची तेवढी एकच जागा), आणि दोरीचं दुसरं टोक धरून, पायांत फळी अडकवलेला माणूस बोटीमागे पाण्यावर उभा राहतो. हा झाला खेळ. त्याच कमानीला चार स्पीकरही होते. ते गाणी ऐकण्यासाठी आहेत, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं. हा उथळ विचार मंडळाने पहिल्याच बैठकीत फेटाळला.

चार स्पीकर, चार भाषा: कन्नड, मराठी, दखनी, तेलुगू. देवानेच मोजून दिल्यासारखं. प्रत्येक स्पीकरवरून एकेका भाषेत 'जाकीट घाला, उभं राहू नका, पाण्यात थुंकू नका' अशी सूचना द्यायची, एवढंच ठरवायला अकरा बैठका लागल्या. (त्यातल्या नऊ, पुढचे दोन स्पीकर कुणाला आणि मागचे कुणाला, यावर. मराठीला कुठली जागा मिळाली ते शेवटी सांगतो, दम धरा.) नियम सात असा झाला: चारही भाषा सारख्या आवाजात ऐकू आल्याखेरीज बोट काठ सोडणार नाही.

आणि एका गुरुवारी पुढचा उजवा स्पीकर बंद पडला.

लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावणाऱ्या मंठाळच्या ईरण्णाला बोलावलं. त्याने मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि मला म्हणाला, "अप्पा, तारेचा सांधा हिरवा पडलाय. पाच मिनिटाचं काम हाय. चहा येईस्तवर करून देतो."

अध्यक्ष सिद्धप्पा अण्णांनी त्याला थांबवलं. एका भाषेचा आवाज गेला असताना घाई करणं त्यांना गंभीर वाटलं. मलाही वाटलं. उपसमिती नेमली.

इथे विजयश्रीचा उल्लेख करणं भाग आहे. आमच्याच पट्ट्यातल्या मेहकर गावची, शेतकऱ्याघरची, एकोणीस वर्षांची. विहिरीत पोहायला शिकली आणि फळीवर पहिल्या दिवसापासून उभी राहिली. मंडळाच्या नोंदणीत नऊ खेळाडू आहेत. आठ पडतात, एक विजयश्री. राज्याच्या निवडीसाठी तिला तलावाची एक पूर्ण फेरी मारून तिचं चित्रण महिनाअखेरीच्या आत पाठवायचं होतं. न पाठवल्यास नाव कटणार होतं. हातात सव्वीस दिवस होते.

"काका, स्पीकर बंद पडला तर बोट कामून थांबवायलात?" तिने मला विचारलं. "मला दोरी पायजे, भाषण न्हाई."

मी तिला नियम सात वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, याचं मला कौतुक वाटलं.

उपसमितीने स्वस्थ बसून दिवस काढले असं कुणी म्हणू नये. बंद भाषेची सूचना तात्पुरती शेजारच्या स्पीकरवरून द्यावी, हा तोडगा दोन्ही भाषांच्या लोकांनी एकमुखाने नाकारला. मग पाहणी झाली. दोनशे बारा ग्रामस्थांना चारही सूचना ऐकवल्या. दोनशे नऊ जणांना चारही कळल्या. (उरलेल्या तिघांना कमी ऐकू येतं.) विषयाशी संबंध नसल्याने हा अहवाल फायलीत लावला.

बाराव्या दिवशी ईरण्णाला परवानगी मिळाली. चहा यायच्या आत त्याने सांधा जोडला. पण साफ झालेला तो स्पीकर आता बाकीच्या तिघांपेक्षा खणखणीत वाजायला लागला, आणि तीन भाषांच्या तक्रारी एकाच दुपारी आल्या. दुरुस्तीतून अन्याय झाला होता. चारही बदलणं आलं.

नवे स्पीकर तेविसाव्या दिवशी आले. मोठे, काळे, कळशीएवढे. तीन बसले, चौथा बसेना, कारण मधली कडी आडवी येत होती. ईरण्णा म्हणाला, "कडी काढली तर बसतंय बघा."

ठराव बिनविरोध मंजूर झाला. मंडळाच्या इतिहासातला तो पहिलाच बिनविरोध ठराव. मी तो चार भाषांत लिहिला, आणि खरं सांगतो, लिहिताना माझा ऊर भरून आला होता. ईरण्णाने कडी कापली.

सव्विसाव्या दिवशी दुपारी उद्घाटन झालं. चारही स्पीकर एकदम, अगदी सारख्या आवाजात लागले. कुणालाही काहीही कळलं नाही, त्यामुळे कुणाचीही तक्रार आली नाही. टाळ्या झाल्या, फुटाणे वाटले.

विजयश्री जाकीट घालून, फळी काखेत धरून आली. कमानीखाली उभी राहून वर बघत राहिली.

"काका, दोरी कुठं बांधू?"

मी सिद्धप्पा अण्णांकडे पाहिलं. तिने अण्णांना तेच कन्नडमध्ये विचारलं. अण्णांनी ईरण्णाकडे पाहिलं. तिने ईरण्णाला दखनीत विचारलं. ईरण्णा पक्कड पुसायला लागला. तीन भाषांत विचारलं तिने, आणि आम्हा तिघांनाही तिन्ही वेळा कळलं. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. ती इतिवृत्तात नोंदवण्याची मात्र सोय नाही.

तिने जाकीट काढून, घडी करून बोटीत ठेवलं आणि मेहकरच्या जीपमध्ये जाऊन बसली.

आता राहिलेली गोष्ट. मराठीला पुढची उजवी जागा मिळाली आहे. इथवर तुम्ही त्यासाठीच वाचत आलात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे चौकशीला येणारे सगळे तेवढंच विचारतात आणि समाधानाने परत जातात. विजयश्री सध्या काय करते, हे मला कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही नाही.