नानांचा काटेरी हलवा

थंडीत नाना पेठ्यांच्या दारासमोर शिंकायला बंदी होती. शिंक आलीच तर जिन्याखाली जाऊन द्यायची. "दाण्याला ऐकू येतं," असं नाना म्हणत, आणि म्हणताना चेहरा इतका गंभीर की हसायची सोय नसे.

गुजराती मुलखाला लागून असलेल्या टोकरखाड्याच्या कॉलनीत आमच्या खोल्यांना मधली भिंत एकच. मी धुळ्याचा, दोरे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. नाना गुहागरकडचे, सरकारी कचेरीत कारकून, पन्नाशीचे ब्रह्मचारी. संक्रांतीआधी ते हटकून आठवडाभर रजा टाकत. अर्जात कारण, 'घरगुती अडचण'. अडचण म्हणजे शेंगदाण्याचा काटेरी हलवा.

मंद शेगडीवर पितळेची परात, परातीत भाजून सोललेले दाणे. चमचाभर पातळ पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. मग पुन्हा चमचाभर. असं चार-पाच दिवस केलं की दाण्यांवर साखरेचे काटे उभे राहतात. नानांच्या बोटांची सालं निघत. मी एकदा म्हटलं, "नाना, थोडा जाळ वाढवा की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळात चप्पल घालून आलो होतो.

"घाई असेल त्यानं बाजारातल्या गोळ्या खाव्यात!"

आणि एवढ्या खटाटोपानंतर संक्रांतीला प्रत्येकाच्या तळहातावर एक दाणा. वर ताकीद, "चावायचा नाही."

नव्वदच्या सुमारास माझं लग्न झालं. सुनंदा शिरपूरची. इथं तिचं मन लागेना. बाजारात गुजराती, शेजारीपाजारी हिंदी, बोलायचं कोणाशी? पहिली संक्रांत जवळ आली, सासर-माहेर दोन्ही लांब, मला रजा नाही. ती रोज म्हणे, "मले गावाले पाठवा ना." ही गेली तर परत यायची नाही, अशी मला खरंच भीती वाटत होती.

संक्रांतीला तीन दिवस राहिले असताना नाना रजा वाढवायला कचेरीत निघाले. जाताना सुनंदाला म्हणाले, "परातीवर लक्ष ठेव गं. मांजर येतं."

सुनंदानं लक्ष ठेवलं. हलवा तिनं फक्त वाण्याकडचा पाहिलेला. ते अर्धवट पांढरे, खरखरीत दाणे बघून तिला वाटलं, बिचाऱ्या एकट्या माणसाचे दाणे खराब झाले. तिनं ते नळाखाली चोळून धुतले, फडक्यानं पुसले आणि उन्हात पसरले.

नाना परतले तेव्हा मीही कारखान्यातली पाळी संपवून आलो होतो. "नाना, बुरशी लागेल होती दाण्यांना. मी साफ धुऊन टाकले," ती मोठ्या उत्साहानं म्हणाली.

नाना ओल्या दाण्यांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पाहून आपल्या हातून काय झालं ते सुनंदाला कळलं आणि ती रडायलाच लागली. "मी उद्याच जाते गावाले."

नाना आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. त्यात दोरे, पुठ्ठ्याची कापलेली नथ आणि तारेच्या दोन बांगड्या. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतात, त्याची ती तयारी.

"आईच्या बांगडीच्या मापानं केल्यात," नाना म्हणाले. "सून येईल म्हणून ती दर वर्षी हलवा करायची. मी काही सून आणली नाही. ती गेली, पण मला हलवा सोडवेना. यंदा वाटलं, शेजारी नवी नवरी आहे..." मग एकदम खेकसले, "रडतेस काय? हात धुऊन ये! दोघं बसलो तर होईल अजून."

तीन दिवस दोघं परातीशी बसली. काटे आले, जरा बुटकेच. काळ्या साडीवर ते दागिने घालून सुनंदा नानांच्या पाया पडली. गावाला जायचा विषय तिनं काढला नाही.

"नाना, आता सासरे झाले तुम्ही," ती म्हणाली. "रोज आमच्याकडेच जेवायचं."

"छे! रोज कसलं?" नाना गुरगुरले आणि आपल्या खोलीकडे वळले. उंबऱ्यात थांबून, मागं न बघताच त्यांनी विचारलं, "किती वाजता बसता तुम्ही जेवायला?"