साळिंदरसाहेबांची दुपारची मोजणी

एका जंगलात एक उकिरडा होता. सिंहही होता, पण त्याचं काय एवढं, सिंह सगळ्याच जंगलांत असतो. असा उकिरडा मात्र आसपासच्या सात जंगलांत नव्हता. बाळांनो, नाकं दाबू नका. गोष्टीला वास येत नाही.

जंगल सुधारलं होतं. ससे गाजरसुद्धा पिशवीत गुंडाळून आणायचे. माकडं बाटलीतलं पाणी प्यायची, तेही नदीकाठी बसून. मग उकिरडा वाढणार नाही तर काय?

त्या उकिरड्यावर कोल्ह्यांची वस्ती जगत होती. वेचायचं काम कोल्हिणींचं. उजाडलं की पाठीवर गोणी टाकून निघायच्या, त्या उन्हं कलल्यावर परतायच्या. त्यांतली धुरपदा कोल्हीण सगळ्यांत तरबेज. डोळे मिटून तिच्या हातात प्लास्टिक द्या. नुसतं चुरगाळून, आवाज ऐकून सांगायची, हे मऊ, हे कडक, हे टाकाऊ. तिच्या गोणीवर तिची चार पिल्लं आणि एक नवरा पोसला जात होता.

नवऱ्याचं नाव लिंबाजी. तो धंद्यात नव्हता असं नाही हं. त्याच्याकडे हातगाडी होती. तो आणि बाकीचे कोल्हे चहापाणी उरकून निघायचे, वरवरचं लोखंड नि तांबं गाडीत घालायचे आणि बाराच्या आत घरी येऊन जांभळीखाली लवंडायचे. त्यांना वस्ती भंगारशेठ म्हणायची. कोल्हिणींना कचरेवाल्या. कोल्हिणीनं गाडीला हात लावला तर चाकं रुसतात, अशी एक समजूतही होती. ती चाकांनी पसरवली नव्हती, एवढं सांगतो.

एके दिवशी सिंहाला सुधारणेची हुक्की आली. उकिरड्याला कुंपण घाला, वेचणाऱ्यांना गळ्यात अडकवायची ओळखपत्रं द्या, ज्याच्याकडे ओळखपत्र नाही त्याला आत सोडू नका, असा हुकूम निघाला. मोजणीचं काम साळिंदराला मिळालं. अंगावर इतक्या लेखण्या वागवणारा दुसरा प्राणी जंगलात नव्हता.

साळिंदर आलं भर दुपारी. जेवून, सुपारी चघळत. वस्तीत बघतं तर जांभळीखाली सगळे कोल्हेच.

"या घरात कचरा कोण वेचतं?" त्यानं लिंबाजीला विचारलं.

लिंबाजीनं विचार केला, सरकारातून कुणी आलंय म्हणजे काहीतरी वाटायला आलं असणार. "मीच की साहेब."

"आणि बायको काय करते?"

"ती काही करत नाही. उकिरड्यावर जाते."

साळिंदरानं पाठीतली एक लेखणी उपसली आणि लिहिलं, पत्नी काही करत नाही. बाकीच्या कोल्ह्यांनीही तेच सांगितलं. एकानं तर आपलं वय विचारलं तेव्हा बायको येऊ दे, तिला माहीत आहे, असं सांगितलं. साळिंदर थांबलं नाही. चार वाजता त्याची झोपायची वेळ असायची.

ओळखपत्रं आली आणि कोल्ह्यांच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी धुरपदा गोणी घेऊन फाटकाशी गेली तर तिथं तरस पहारेकरी. ओळखपत्र दाखव म्हणाला. धुरपदानं गोणी दाखवली, काचेनं कापलेली बोटं दाखवली, इतके पावसाळे इथंच वेचतेय म्हणून सांगितलं.

तरस वाईट नव्हता बिचारा. त्यानं मोजणीचा कागद नीट पाहिला. "बाई, यात लिहिलंय तू काही करत नाहीस. मग घरी जा आणि काही करू नकोस."

धुरपदा घरी आली. गोणी खुंटीला अडकवली आणि जाऊन जांभळीखाली लवंडली. नवऱ्याच्याच जागेवर. मागोमाग बाकीच्या कोल्हिणी.

आता वेचायला कोल्ह्यांना जावं लागलं. लोखंड दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी लिंबाजीनं हाताला येईल ते गोणीत कोंबलं आणि अस्वलाच्या भंगार दुकानात नेलं. अस्वलानं वास घेतला आणि म्हणालं, लिंबाजीशेठ, हा माल नव्हे, तुम्ही उकिरडाच इकडे हलवलाय. परत न्या.

घरी पिल्लं भुकेली. लिंबाजीनं एक पिशवी काढून सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, ही कडक का मऊ?"

"मला काय ठाऊक?" धुरपदा कूस न बदलता म्हणाली. "मी काही करत नाही."

पिल्लं मात्र तिच्याकडे बघत होती. तिनं खुंटीवरच्या गोणीकडे पाहिलं. पण फाटक काही तिच्या हातात नव्हतं.

आठवड्याभरात ढीग कुंपणाच्या वर गेला. वास सिंहाच्या गुहेत शिरला, सिंहीण माहेरी निघून गेली. सिंहानं साळिंदराला बोलावून विचारलं, नोंदीत काही चूक आहे का? साळिंदर म्हणालं, नोंदीत चूक नसते महाराज, फार तर परत नोंद करता येते.

ते पुन्हा आलं. भर दुपारी, जेवून, सुपारी चघळत. या वेळी जांभळीखाली सगळ्या कोल्हिणी. कोल्हे उकिरड्यावर, ढिगात कमरेपर्यंत.

"या घरात कचरा कोण वेचतं?"

"मी," धुरपदा म्हणाली.

"आणि नवरा?"

धुरपदानं जांभई दिली. "ते काही करत नाहीत. उकिरड्यावर जातात."

साळिंदरानं लेखणी उपसली आणि लिहून घेतलं.

नवी ओळखपत्रं कोल्हिणींच्या गळ्यात आली. लिंबाजी आता फाटकाबाहेर हातगाडी घेऊन थांबतो आणि धुरपदाची गोणी गाडीवर टाकून दुकानापर्यंत पोचवतो. परवा चढावर धुरपदानंही मागून हात लावला. चाकं रुसली नाहीत.

कोल्ह्यांची जुनी ओळखपत्रं रद्द झाली. साळिंदरानं ती कुठं टाकली असतील? उकिरड्यावरच. धुरपदाला पहिलं सापडलं ते लिंबाजीचं. तिनं ते बोटांत वाकवलं, कानाशी नेलं. टक्क वाजलं.

"कडक," ती म्हणाली आणि बरोबर गोणीत टाकलं.

तात्पर्य : कष्टकरी म्हणून आपली नोंद व्हावी असं ज्याला वाटतं, त्यानं कष्ट ताबडतोब थांबवावेत आणि दुपारी घरी झोपून राहावं. साहेब त्याच वेळी येतात.