फ्रिजचा अबोला

सुकदेव बोरसेच्या फ्रिजने रविवारपासून त्याच्याशी अबोला धरला होता. काही सांगायचंच झालं तर तो मिक्सरमार्फत सांगायचा.

म्हाताऱ्यांना बटणांची भानगड नको, तोंडाने सांगितलं की काम व्हावं, म्हणून मुलाने ही बोलकी यंत्रं घरात आणून टाकली होती. चूक सुकदेवचीच, असं सगळी आळी म्हणत होती. व्याही जेवायला आलेले, ताटं वाढलेली, आणि हा म्हणाला, आमचा जुना फ्रिज याच्यापेक्षा बरा होता. पाहुण्यांदेखत असं ऐकून घेऊन कोण दार उघडेल?

मंगळवारी मात्र प्रश्न दह्यादुधाचा राहिला नाही. बायकोचं, कौतिकबाईंचं, इन्शुलिन आत होतं आणि गावात औषधवाल्यांचा बंद होता. बाई खाटेवर पडून होत्या. तोंडाला कोरड पडलेली, बोलता बोलता डोळे मिटत होते.

सुकदेवने कंपनीला फोन लावला. तिथल्या पोरीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रुसवेफुगवे ही घरातली बाब आहे, कंपनी त्यात पडत नाही, म्हणाली. मिक्सर मध्ये पडलाय हे पुष्कळ झालं; काही घरांत तोही पडत नाही.

मग सुकदेव स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"त्यांना सांग," फ्रिज मिक्सरला म्हणाला, "दाराला हात लावला तर आतला गारवा काढून घेईन. औषध नासलं तर मला बोल लावू नका म्हणावं."

मिक्सरने शब्द न् शब्द पोचवला.

खाटेवरून कण्हणं ऐकू आलं. सुकदेवने दात आवळले. "सांग त्या डबड्याला, भंगारात घालीन."

मिक्सर फ्रिजकडे वळून म्हणाला, "ते म्हणतात, चुकलं."

सुकदेव बघतच राहिला. हा शब्द त्याने जन्मात उच्चारला नव्हता. बापाच्या मारापुढे नाही, मास्तरच्या छडीपुढे नाही. त्यापायी शाळा सुटली ती सुटलीच.

फ्रिज मिक्सरला म्हणाला, "विचार त्यांना, खरंच असं म्हणाले का."

मिक्सरने विचारलं. खाटेवर कौतिकबाईंचा हात घसरून खाली लोंबला.

"म्हणालो," सुकदेव म्हणाला.

दार उघडलं.

सुई टोचून झाली. दुपार कलता कलता बाईंना हुशारी आली. उठून बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि नवऱ्याकडे न बघता त्यांनी मिक्सरला हाक मारली.

"मिक्सरभाऊ, यांना सांगा, माझंही एक तसंच ऐकायचं राहिलंय. लग्नापासूनचं."

मिक्सरने सांगितलं. सुकदेव ओट्यापाशी गेला. मग स्टूल ओढून मिक्सरजवळ बसला.

"तिला सांग," तो म्हणाला. "चुकलं म्हणावं."

मिक्सरने निरोप दिला. बाईंनी उलट निरोप पाठवला, की विचार करून कळवते.