दोन किलो तीनशे ग्रॅम

देसांकाबाईंच्या स्वयंपाकघरातून रोज सकाळी सात वाजता एक तरणाताठा माणूस नुसत्या चड्डीवर जायचा, आणि आठवड्याभरात त्यांना त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. माणसाचं नाव वुकाशिन. कौलांच्या कारखान्यात कामाला, आणि किकिंदा गावच्या कुस्तीच्या क्लबात सदुसष्ट किलो गटाचा पैलवान.

देसांकाबाईंचा मुलगा ग्रादिमिर त्याच क्लबात ताकदीचा कोच होता. डाव शिकवणारे वस्ताद वेगळे. पैलवानाचे पाय, पाठ, दम आणि वजन एवढं ग्रादिमिरकडे. डिसेंबरात क्लबाचा बॉयलर बंद पडला आणि तिथल्या गारठ्यात कपडे काढायची सोय राहिली नाही, म्हणून त्यानं क्लबाचा वजनकाटा हातगाडीवर घालून घरी आणला आणि स्वयंपाकघरामागच्या काचेच्या पडवीत मांडला. काटा जुन्या घडणीचा होता. दांडीवर वजनं सरकवायची आणि टोकाच्या पितळी स्क्रूनं शून्य जुळवायचं. त्याच्या वरच्या भिंतीवर ग्रादिमिरनं स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही.'

ही पाटी देसांकाबाईंना शिकवायची गरज नव्हती. सहकारी दुकानाच्या काउंटरवर त्यांनी बत्तीस वर्षं साखर, पीठ आणि खिळे तोलले होते. गावात अजून कुणी भाजीवाल्याशी भांडलं, तर "देसांकाच्या वजनानं दे" असंच म्हणतं.

त्या शनिवारी किकिंदातच निवड स्पर्धा होती. वुकाशिन सत्तावीस वर्षांचा झाला होता. राष्ट्रीय शिबिरासाठी त्यानं चार वेळा धडक मारली होती आणि चारही वेळा एकाच जागी माती खाल्ली होती. कुस्तीचा पहिला डाव तीन मिनिटांचा, त्यात तो वाघ. दुसऱ्या तीन मिनिटांत त्याच्या पायातलं बळ जायचं. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी निवड करणारे त्याच्याकडे ढुंकून बघणार नव्हते, हे त्याला माहीत होतं आणि ग्रादिमिरला तर त्याच्याहून जास्त माहीत होतं. म्हणून त्यानं तक्ता केला होता. गुरुवारी अडुसष्ट पूर्णांक चार, शुक्रवारी सदुसष्ट पूर्णांक सहा, शनिवारी सकाळी अधिकृत काट्यावर बरोबर सदुसष्ट.

अडचण एकच होती. शुक्रवारी संत निकोलाचा दिवस होता. अर्ध्या गावाचा घरचा संत हाच, त्यामुळे अर्ध्या गावात स्लावा, म्हणजे घरच्या संताचा सण : मेणबत्ती आणि भरलेलं टेबल. दुसऱ्या दिवशी ज्याच्या पैलवानांची वजनं व्हायची आहेत, त्या कोचाला घरदार नसावं.

ग्रादिमिरनं सगळ्या पैलवानांना बजावलं, "या आठवड्यात कुणाच्याही स्लावाला जायचं नाही. दारातूनसुद्धा नाही."

घरी आल्यावर देसांकाबाईंनी विचारलं, "कुणाच्याही म्हणजे आपल्यासुद्धा?"

"आपल्या तर मुळीच नाही. वुकाशिनला सांग, येऊ नको."

"स्लावाला आपण कुणाला बोलावतो का? एकदा आला तो दरवर्षी येतो. ज्याला ये म्हटलं नाही, त्याला येऊ नको कुठल्या तोंडानं सांगू? पोरगं गेल्या वर्षी आलं होतं."

"बरं, येईल आणि नुसता बसेल."

"माझ्या टेबलाशी नुसता बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

ग्रादिमिरनं वही काढून उकडलेल्या गोड गव्हाचा एक चमचा तक्त्यात मांडला, कारण घरात आल्याबरोबर तो चमचा घेतला नाही तर त्या घरच्या मेलेल्या माणसांचा अपमान होतो. पंचवीस ग्रॅम. त्यापलीकडे त्याची माया गेली नाही.

"पोराच्या गालात मूठ जाईल," देसांकाबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी गेले होते बघायला. दुसऱ्या डावात पिठाचं पोतं ठेवावं तसं खाली बसलं ते. तुझ्या वहीत त्याला भूक लागते असं कुठं लिहिलंय?"

"आई, हे शास्त्र आहे."

"असेल," असं म्हणून त्या घेवडा भिजत घालायला गेल्या.

बुधवारी तिसा नदीवरचे कार्प मासे आले. मासेवाल्याच्या वजनावर देसांकाबाईंचा विश्वास नव्हता. त्यांनी एनॅमलचा टप थेट पैलवानांच्या काट्यावर ठेवला, स्क्रू पिळून टपासकट शून्य केलं आणि मासे तोलले. चारशे ग्रॅम कमी भरले. मासेवाला तासाभरात एक छोटा मासा घेऊन निमूट परत आला. ग्रादिमिरनं काट्यावर मासे पाहिले तेव्हा तो एवढा ओरडला, की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली. मग लोखंडाची वीस किलोची चकती ठेवून त्यानं काटा तपासला. आईनं शून्य जागच्या जागी आणून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी वुकाशिन अडुसष्ट पूर्णांक चार भरला, अगदी तक्त्याप्रमाणे.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तो काट्यावर उभा राहिला आणि ग्रादिमिरनं वजन सरकवलं. मग मागे घेतलं. मग आणखी मागे घेतलं.

"पासष्ट पूर्णांक तीन," तो म्हणाला. "काय केलंस तू?"

"काहीच नाही, कोच. झोपलो."

"एका दिवसात तीन किलो? आंघोळीला गरम पाणी घेतलंस?"

"आमचा गीझर बंद आहे."

ग्रादिमिरनं वही उलटी-सुलटी केली. एवढं पाणी अंगातून गेलं म्हणजे उद्या पैलवान मॅटवर नाही, स्ट्रेचरवर. काट्याबद्दल शंका यायला हवी होती, पण शंका घालवायला तो स्वतः काट्यावर चढला आणि तिथंच फसला. त्याचं वजन दोन किलोंनी उतरलं होतं. दहा दिवसांपूर्वी त्यानं पाव सोडला होता, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची दखल घेत होतं. असल्या काट्यावर माणूस संशय घेत नाही.

"ऐक," तो वुकाशिनला म्हणाला. "दुपारी आमच्याकडे ये आणि जेव. निदान दीड किलो. पाणी, सूप, भात, मासा, सगळं."

वुकाशिननं दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "पावसुद्धा?"

"पावसुद्धा."

चुलीपाशी देसांकाबाईंनी आणखी एक ताट मांडलं.

दुपारी बारापर्यंत घर भरलं. मेणबत्ती जळत होती, सणाचा पाव वाइन शिंपडून कापून झाला होता. उपासाचा दिवस, म्हणून मासा सोडून मांस, अंडं, दूध काही नव्हतं, आणि ते नसताना माणसाला किती खाता येतं हे वुकाशिननं दाखवून दिलं. गव्हाचा चमचा. माशाचं सूप, दोन वाट्या. भाजलेला घेवडा. कार्प, शेपटाकडचा आणि मग डोक्याकडचाही. भोपळा भरून भाजलेली गोड गुंडाळी. अक्रोडाचा बकलावा. ग्रादिमिर शेजारी बसून वहीत नोंदत होता, पण भोपळ्याच्या तिसऱ्या तुकड्यापाशी पेन्सिल मोडली.

"अजून थोडा घेवडा?" देसांकाबाईंनी विचारलं.

"काकू, मी आता देवाशपथ..." असं म्हणत वुकाशिननं ताट पुढं केलं.

तीनच्या सुमारास झिवोतामामा आले. बाप्तिस्म्याच्या वेळी ग्रादिमिरला हातांवर धरणारा हा धर्मपिता, म्हणजे या घरात त्यांचा शब्द पाद्र्याच्या वर. सकाळपासून त्यांची चार घरं झाली होती. डॉक्टरांनी सोमवारीच त्यांना एकशे वीस किलोंवरून दम भरला होता, म्हणून पडवीत काटा दिसल्याबरोबर ते चढले, आणि उतरले ते तोंडभर हसतच.

"एकशे सतरा पूर्णांक सात," त्यांनी सगळ्या घराला ऐकवलं. "चार घरी जेवलो आणि दोन किलो उतरलो. आता पाचवं घर करतो, बघू."

टेबलाभोवती हशा पिकला. ग्रादिमिर मात्र हसला नाही. तो उठला, पडवीत गेला आणि वीस किलोची चकती काट्यावर ठेवली. सतरा पूर्णांक सात. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या एनॅमलच्या टपाकडे गेली. टप दोन किलो तीनशे ग्रॅमचा होता.

"आई."

"अगं बाई," देसांकाबाई दारातून म्हणाल्या. "मासे तोलताना पिळला गेला असेल. म्हातारपण, दुसरं काय."

ग्रादिमिरनं शून्य जुळवलं आणि वुकाशिनला वर चढवलं. सत्तर पूर्णांक एक. पावाशिवाय काढलेले स्वतःचे दहा दिवसही वाया गेले, हे त्याच्या दोन मिनिटांनी लक्षात आलं, पण तेव्हा रडायला वेळ नव्हता.

"तीन स्वेटर घाल," तो म्हणाला. "कबरस्तानापर्यंत पळत जायचं आणि पळत यायचं. घाम गाळल्याशिवाय थांबायचं नाही."

बेत चांगला होता. पण संत निकोलाच्या दिवशी किकिंदाच्या रस्त्यावरून पळणारा माणूस, गावाच्या दृष्टीनं, कुठल्या तरी टेबलाकडेच निघालेला असतो. पहिल्याच कोपऱ्यावर लोहार ल्युबोमिरनं फाटक उघडलं.

"आलास, वुकाशिन. गेल्या वर्षी आला होतास, मी बायकोला म्हटलंच, येणार."

"मामा, मी सराव करतोय."

"आमच्या मेलेल्यांना तू सराव सांगणार?"

ग्रादिमिर मागून धापा टाकत आला. त्यालाही आत घेतलं गेलं. गव्हाचा एक चमचा, पाण्याचा घोट आणि संताच्या नावानं ब्रँडीचा एक लहान पेला. दोन घरं पुढे वुकाशिनची मुख्याध्यापिका, नव्वदीची, खुर्ची टाकून दारातच बसली होती. तिला नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. मग कारखान्यातला फोरमन. मग फोरमनच्या भिंतीला भिंत असलेली त्याची सासू, कारण जावयाकडे थांबून सासूला वगळणं म्हणजे वर्षभराचं भांडण. कबरस्तानापर्यंत ते पोचलेच नाहीत.

दीड तासानं दोघं परतले आणि वुकाशिन काट्यावर चढला. सत्तर पूर्णांक पाच.

"पळून वाढलं," वुकाशिन दबक्या आवाजात म्हणाला.

ग्रादिमिर काट्याशेजारी जमिनीवरच बसला. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते लपवायची ताकद उरली नव्हती. "माझी चूक आहे रे. चार वर्षं तू उपाशी राहिलास आणि मी एका दिवसात घालवलं."

"कोच, मी एक बोलू का?" वुकाशिन म्हणाला. "मला चार वर्षांत इतकं बरं कधी वाटलेलं नाही."

ग्रादिमिर त्याच्याकडे बघत राहिला. पोराच्या चेहऱ्यावर रंग होता. मग त्यानं फोन उचलला आणि आयोजकांना सांगितलं, की आमच्या पैलवानाचं नाव बहात्तर किलोच्या गटात टाका. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही अकरावे. सकाळपासून तेच चाललंय." त्याच्या मागून पेले वाजल्याचा आवाज येत होता.

शनिवारी वुकाशिन स्वतःपेक्षा दांडग्या माणसांशी खेळला. पहिल्या डावात तो मागेच असायचा, कारण ही माणसं खरोखर जड होती. पण दुसरा डाव सुरू झाला की त्याचे पाय जमिनीत रुतायचे, आणि समोरच्याचे निसटायला लागायचे. दोन कुस्त्या त्यानं अशा काढल्या. तिसरी एका गुणानं गेली. कांस्यपदकाच्या कुस्तीत, पाचव्या मिनिटाला, त्यानं समोरच्याला कमरेत धरून उचललं आणि पालथं घातलं. देसांकाबाई प्रेक्षकांत बसल्या होत्या, मांडीवर बकलाव्याचा डबा ठेवून. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण दोन्ही हात डब्याच्या झाकणावर घट्ट होते.

निवड समितीचा माणूस ग्रादिमिरजवळ आला. "सदुसष्टात माझ्याकडे सहा जण आहेत, बहात्तरात धड दोनच. जानेवारीत शिबिराला पाठवा याला. आणि ताकद एकदम कुठून आणलीत? नवा कार्यक्रम का?"

"हो," ग्रादिमिर म्हणाला. "जुनाच आहे तसा."

रविवारी सकाळी तो काटा क्लबात न्यायला हातगाडीवर चढवत होता. भिंतीवरची पाटी काढून हातात घेतली आणि तो थबकला. मासे बुधवारी तोलले होते. बुधवारीच त्यानं चकती ठेवून काटा तपासला होता. गुरुवारी वुकाशिन तक्त्याप्रमाणे भरला होता. म्हणजे स्क्रू पिळला गेला तो गुरुवारच्या सकाळनंतर, आणि गुरुवारनंतर या घरात एकही मासा तोलला गेला नव्हता.

तो स्वयंपाकघरात आला. देसांकाबाई टप घासत होत्या.

"आई, स्क्रू बुधवारी पिळला गेला नाही."

"नाही," त्या म्हणाल्या, आणि टप पालथा घातला.

"तू मुद्दाम केलंस?"

"बत्तीस वर्षं मी काउंटरवर उभी होते. पाव तोळा इकडचा तिकडे केला नाही. एकदाच केला." त्यांनी हात पुसले. "तुझ्या वहीला भूक दिसत नव्हती, मला दिसत होती. वहीत दिसेल असं काहीतरी करायला नको?"

ग्रादिमिर खुर्चीवर बसला. रागवायचं त्याच्या मनात होतं, पण हातातली पाटी त्यानं टेबलावर पालथी ठेवली. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "आणि संत निकोला? त्याच्याच दिवशी लबाडी?"

"त्याला पहाटेच सांगितलं, मेणबत्ती लावताना. म्हटलं, आज वजनात दोन किलो तीनशेची खोट आहे, चालत नसेल तर खूण दे."

"मग?"

"ज्योत जराशी हलली," देसांकाबाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यांनी पुढं सांगितलं, "पण खिडकी उघडी होती."