एलियासभाऊंच्या गुडघ्यांची मोहीम

समस्त सांधेदुखीग्रस्त थोरामोठ्यांस दंडवत घालून आणि आपले कंबरेस पट्टा बांधून हे वर्तमान लिहावयास घेतले आहे, वाचणारांनी पाय लांब करून बसावे.

शके १९२०, बहुधान्य नाम संवत्सरी, आषाढमासी, पेण मुक्कामी राजमान्य राजश्री एलियास पेणकर, माजी वाहतूक नियंत्रक, ज्यांचे शिट्टीवाचून एसटी जागची हालत नसे, त्यांचे दोन्ही गुडघ्यांनी एकसमयी बंड केले. आणि यहुदी लोकांत दहा पुरुष जमल्यावाचून सामुदायिक प्रार्थना होत नाही, आणि बहुत मंडळी इस्रायलास गेल्याने रोह्याची कुमक धरूनही नऊच असामी भरत, दहावे खासे एलियासभाऊ. आणि प्रार्थनालयाचा जिना म्हणजे गडाची चढण. भाऊ न चढले तर नव्याचा सण, म्हणजे यहुद्यांचा वर्षारंभ, सुना जाणार, ही चिंता त्यांचे काळजास लागली.

मग रोह्याहून भाचे सायमन, कंपनीची शिफ्ट उरकून पहिल्या गाडीने कूच करून आले आणि अमेरिकेहून आलेली ग्लुकोसामिनच्या गोळ्यांची बाटली नजर केली. झिजली कूर्चा तेणेकरून बळावते, ऐसी तिची कीर्ती. भाऊंनी तत्काल पाण्याचा प्याला मागविला. परंतु घरच्या खाशा हन्नाबाई यांची नजर करडी, त्यांनी भिंग लावून बारीक अक्षर वाचिले आणि फर्मान सोडिले की, "कोलंबीच्या टरफलाची हाय ही. आपल्यात चालत नाय." ज्या जलचरास पर नाही आणि खवले नाही ते यहुद्यांस निषिद्ध. सायमनांनी अर्ज गुजारला की औषधास सूट असावी. भाऊंनी प्याला परत पाठविला.

ते समयी शेजारचे मिठागरवाले कान्हू ओट्यावर टेकून बसले होते. मीठ ओढून त्यांचेही गुडघे वाजत, आणि कोलंबीशी त्यांचे पिढीजात सख्य. भाऊंनी हुकूम केला की अमेरिकेचा माल फुकट जाऊ नये, बाटली कान्हूस बहाल करावी. कान्हूंनी श्रावणात तेवढी शिवली नाही, बाकी इमानेइतबारे रिकामी केली. गुण गोळ्यांचा की पावसाळ्यात मिठागर बंद म्हणोन मिळाल्या विश्रांतीचा, याची आम्ही शपथ घेत नाही, परंतु गुडघे वाजावयाचे थांबले हे खरे.

मग सणाचा दिवस उगवला आणि नऊ असामी जिन्यावर वाट पाहत उभे राहिले, आणि भाऊ नवे कपडे लेवून घरी खुर्चीत बसले. त्यांचे डोळ्यांस पाणी आले. हन्नाबाईंस बहुत वाईट वाटले.

इतक्यात कान्हू आले आणि खुर्चीपुढे पाठ वाकवून बसले.

"बसा पाठीवर, एलियासभाऊ."

"मी जड हाय रे, कान्हू."

"तुमच्या गोल्या मी खाल्ल्या. आता तुमचा वझा दुसरा कोन उचलील?"

मग भाऊ पाठीवर आरूढ जाहले आणि कान्हू दम खात, पायरीस पायरी जिंकीत गड चढले. वर मोजदाद जाहली, दहा पुरे भरले आणि प्रार्थनेस आरंभ जाहला. औषध एकाने खाल्ले आणि जिना दुसरा चढला, मोहीम फत्ते जाहली, म्हणोन दाखल केले असे. कान्हू मात्र भाऊंस परत उतरवून न्यावयाचे म्हणोन प्रार्थना संपेतो पायरीवर बसून राहिले.