बैलाचं काळीज आणि ओटिलीबाईंचं रक्त

विवाह विश्वासावर उभा असतो, हे सर्वमान्य आहे. म्हणूनच त्या विश्वासाची सही-शिक्क्याची एक प्रत सरकारदरबारी जमा असणं समाजाच्या हिताचं ठरतं. सन एकोणीसशे सदतीसमध्ये, शिकागो ज्यात येतं त्या आमच्या राज्याने ही उणीव भरून काढली. लग्न करू इच्छिणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने दंडातलं रक्त द्यावं, राज्याच्या प्रयोगशाळेने ते तपासावं, आणि त्यात गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, नाही असा दाखला आला तरच कारकुनाने परवाना लिहावा, असा कायदा झाला. कायदा अतिशय चांगला होता. पहिल्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातली लग्नं एकशे अठ्ठ्याऐंशीवरून एकाहत्तरवर आली, आणि नदीपलीकडच्या राज्यात, जिथे रक्त मागत नसत, तिथल्या एका टीचभर गावात ती चाळीसवरून दोनशे सहावर गेली. आमच्या नवविवाहितांमधले रोगी त्यामुळे निम्म्याहून कमी झाले, असं राज्याच्या अहवालात छापून आलं. (नवविवाहितही निम्म्याहून कमी झाले होते, पण तो अहवालाचा विषय नव्हता.)

लिंडेनथालच्या ओटिली ब्रांडहोर्स्ट यांनी मात्र नदी ओलांडायची नाही असं ठरवलं होतं. त्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. वय त्रेचाळीस. गावातली तिशीखालची सगळी माणसं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, कारण त्या सगळ्यांना पाढे बाईंनी शिकवले होते. कोनराड वेसेल या विधुर गोठेवाल्याने त्यांना मागणी घातली. (तोंडाने घातली नाही. चौदा महिने दर शनिवारी लोणी आणून दिलं. लिंडेनथालात एवढं पुरतं.) शाळेच्या मंडळाचा नियम असा की लग्न झालेल्या बाईने शिकवू नये. नवरा आला की पाढे विसरतात, असा मंडळाचा अनुभव असावा. म्हणून बाईंनी एकोणीसशे एकोणचाळीसच्या मेमध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी नवी मुलगी नेमलीही गेली, आणि लग्न जूनमध्ये ठरलं. नोकरी गेलेली आणि नवरा यायचा, या दोहोंमध्ये आता फक्त रक्ताची एक नळी उभी होती.

ही चाचणी कशी होते ते सुजाण नागरिकाला माहीत असावं. रोगाचा जंतू रक्तात कुणी शोधत बसत नाही. आजार शिरला की रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे चोर आल्यावर बसवलेले राखणदार. राखणदार दिसले की चोरी झाली असं धरायचं. आता राखणदार ओळखायचे कसे? तर बैलाच्या काळजाचा अर्क काढून तो रक्ताला दाखवायचा. रक्त चिडलं, नळीत साका धरला, की माणूस दोषी. रक्त शांत राहिलं की माणूस विवाहास योग्य. यात बैलाचा काय संबंध, असं विचारणाऱ्याला शास्त्र कळत नाही. (शास्त्रज्ञांनाही तो नीटसा माहीत नव्हता, पण ते विचारत नसत.)

बाईंचं रक्त बैलावर चिडलं.

निकाल पूर्णपणे गोपनीय असतो. तो फक्त प्रयोगशाळेतल्या कारकुनाला, डॉक्टरला, डॉक्टरच्या नर्सला आणि परवाना लिहिणाऱ्याला कळतो. चांगला निकाल पांढऱ्या पाकिटात येई आणि वाईट निकाल तपकिरी पाकिटात, म्हणजे डॉक्टरला तो चटकन वेगळा काढता यावा. पोस्टमास्तर ल्यूडर्स यांनाही तो चटकन वेगळा काढता येई.

डॉक्टर फेन्स्केंनी बाईंना बसवून समजावलं. मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला होता, रक्त अजून त्याच तावात होतं. अशा वेळी ते समोर येईल त्याच्या अंगावर जातं. तीन महिन्यांत निवळेल, मग पुन्हा पाठवू.

"आणि तीन महिने मी लोकांना काय सांगू?" बाईंनी विचारलं.

"काहीच सांगू नका."

"डॉक्टर, तुम्ही या गावात अकरा वर्षं आहात ना?"

डॉक्टरांनी अकरा वर्षांचा हिशेब मनात केला. त्यांनाही पाढे येत होते.

एकोणीसशे एकवीस साली बाई ऑर्गन शिकायला सहा आठवडे सेंट लुईसला राहिल्या होत्या. अठरा वर्षं त्या सहा आठवड्यांची चौकशी गावात कुणी केली नव्हती, याचं आता सगळ्यांना आश्चर्य वाटू लागलं. आठवडाभरात गावाला त्या मुक्कामाची माहिती खुद्द बाईंपेक्षा जास्त झाली. चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष आणि पेंडीच्या गिरणीचे मालक ऑगस्ट मोलरिंग, यांच्या पत्नी अडेलहाइड केक घेऊन समाचाराला आल्या. केक पत्र्याच्या ताटलीत होता. ताटली परत करायची घाई नाही, असं त्या आल्या आल्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, परत नाही केली तरी चालेल.

"आम्ही कुणी यावर विश्वास ठेवलेला नाही हं, बाई."

"कशावर?"

"तेच ते. बरं, सेंट लुईसला तुम्ही उतरलात त्या घरात पुरुष मंडळी किती होती?"

"एक. ऑर्गनचे मास्तर. ऐंशी वर्षांचे."

अडेलहाइडबाईंनी जरा विचार केला. "ऐंशी म्हणजे तसे फार नाहीत," त्या म्हणाल्या.

जूनमधला लग्नाचा दिवस गेला. कोनराडने लोणी आणणं सोडलं नाही. त्याने साधा उपाय सुचवला: शनिवारी ट्रक काढू, नदी ओलांडू, तासाभरात नवरा-बायको होऊन दूध काढायच्या वेळेला परत. बाई म्हणाल्या, पलीकडे जाऊन लग्न केलं तर परत येईपर्यंत गावाला उत्तर मिळालेलं असेल, आणि मग ते कुठलीच चाचणी पुसू शकणार नाही. लग्न होईल तर इथे, या चर्चमध्ये, या लोकांसमोर. नाहीतर होणार नाही.

 कोनराडच्या गोठ्यातही सरकारी माणसं रक्त तपासायला येत, गाभ पडणाऱ्या गाईंचा रोग हुडकायला.

"माझ्या सतरा गाई नेल्या. रक्त बोललं म्हणून," तो म्हणाला. "पण गाईला सेंट लुईसचं कुणी विचारलं नाही. तेवढी सभ्यता होती."

इकडे चर्चच्या मंडळापुढे गंभीर प्रश्न उभा होता. आमच्यात प्रभुभोजनाचा द्राक्षारस सगळे एकाच चांदीच्या पेल्यातून घेतात. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई रीतीप्रमाणे सर्वांत शेवटी घेत, आणि उरलेला पाद्री टीडेमान संपवत. म्हणजे बाईंच्या मागून पिणारा माणूस एकच, आणि त्याचं रक्षण करणारा वर बसलेला. तरीही पेला पुसायचं फडकं तेच, हा मुद्दा मोलरिंग यांनी उपस्थित केला. अडीच तासांच्या चर्चेनंतर पुढील निर्णय एकमताने झाले: ऑर्गनच्या पट्ट्या दर सोमवारी व्हिनेगरने पुसाव्यात, फडकं उकळावं, आणि गावावर अकारण संशय नको, म्हणून पेल्याला ओठ लावणाऱ्या प्रत्येक प्रौढाने रक्त द्यावं. म्हणजे एकाच माणसावर सकारण संशय राहील.

डॉक्टर फेन्स्केंनी मंडळाला आधीच आकडा सांगितला. पेल्याला ओठ लावणारे, बाई धरून, दोनशे अकरा. चाचणी पन्नासात एकदा तरी उगीच चिडते. म्हणजे चारेक जण निघतील, आणि त्यातला एखादाच खरा रोगी असेल, तोही नशीब असेल तर. मोलरिंग म्हणाले, डॉक्टरांना हिशेब येत असेल, पण लिंडेनथाल माहीत नाही. इथे चार निघणार नाहीत.

बाई सोडून दोनशे दहा जणांनी बाह्या वर केल्या. दोनशे सात पांढरी पाकिटं आली आणि तीन तपकिरी.

पहिलं पाद्री टीडेमान यांचं. हे तरुणपणी न्यू गिनीच्या बेटावर धर्मप्रसाराला होते, आणि तिथून तेरा माणसांचा बाप्तिस्मा करून व मलेरिया घेऊन परत आले होते. दुसरं ल्यूडर्स आजींचं. पोस्टमास्तरांच्या या मातोश्री चौऱ्याऐंशी वर्षांच्या, नऊ वर्षं अंथरुणावर, पेला त्यांच्याकडे घरी नेत. त्यांचे दिवंगत यजमान नदीवरच्या आगबोटीवर होते, न्यू ऑर्लिन्सपर्यंत जात. तिसरं पाकीट ऑगस्ट मोलरिंग यांचं. ते दर वसंतात धान्याच्या व्यवहारासाठी आठवडाभर शिकागोला जात, आणि व्यवहार लवकर आटोपला तरी आठवडा पुरा करत.

दुसऱ्याच दिवशी मंडळ पुन्हा जमलं, आणि अशा प्रसंगी माणसं ताळतंत्र सोडतात तसं न करता त्यांनी एकेका निकालाचा शांतपणे विचार केला. आजींना होणं शक्य नाही, कारण त्या आजी आहेत. पाद्रींना होणं शक्य नाही, कारण मग आपले सगळ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं कुठे जातील? मोलरिंग यांना होणं शक्य नाही, कारण सभेचे अध्यक्ष तेच होते. तेव्हा तिन्ही वेळा चाचणी चुकली, हे स्पष्टच झालं.

"मग बाईंच्या वेळीही चुकली असेल," डॉक्टर म्हणाले.

मोलरिंग यांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, ती पन्नासात एकदा चुकते? इथे तीनदा चुकली. आता आणखी किती चुकेल बिचारी? चौथी बरोबरच असणार."

कोणत्याही विद्यापीठात शिकवलं जात नाही इतकं हे तर्कशास्त्र भक्कम आहे. 

ही हकिगत बाईंना कोनराडकडून कळली.  त्या रविवारी त्यांनी ऑर्गन इतका जोरात वाजवला की ल्यूडर्स आजींनी अंथरुणातून विचारलं, कोण गेलं?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी चौघांचंही रक्त पुन्हा पाठवलं. या वेळी निकाल कसाही असो, चारही पाकिटं पांढरीच पाठवा, अशी विनंती त्यांनी प्रयोगशाळेला केली. ती मान्य झाली. (सरकारी कचेरीने विनंती मान्य केल्याची जिल्ह्यातली ही एकमेव नोंद असून, तपकिरी पाकिटं तेव्हा संपली होती.)

बाईंचं रक्त निवळलं होतं. बैल दाखवला तरी ते ढिम्म हललं नाही. कारकुनाने परवाना लिहिला. आता गाव गप्प बसेल, असं कोनराडला वाटलं, कारण तो बराचसा वेळ गाईंमध्ये घालवत असे. गावाने लगेच ओळखलं की बाईंनी गुपचूप औषध घेतलं आणि त्यांना गुण आला. रोग होता म्हणून तर बरा झाला! पूर्वी ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही या निर्दोष दाखल्याने खात्री पटली. अडेलहाइडबाई तर उघड म्हणाल्या की बाईंची तब्येत आता किती छान दिसते.

लग्नाच्या सकाळी अडेलहाइडबाई चर्चच्या दारात पुढे होऊन म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जाऊ. आम्ही तुम्हाला माफ केलंय हं, बाई."

"कशाबद्दल ते जरा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा," बाई म्हणाल्या. तिसरीच्या वर्गात बोलत तशाच आवाजात.

अडेलहाइडबाईंच्या मागे उभी असलेली माणसं बहुतेक तिसरी पास होती. त्यांनी खाली पाहिलं.  बाई थोडा वेळ थांबल्या, उत्तर न आलेल्या पोरासमोर थांबत तेवढा, आणि कोनराडचा हात धरून आत गेल्या. लग्नाला सगळं गाव हजर होतं. एवढी गर्दी निर्दोष वधूच्या लग्नाला सहसा होत नाही.

राहिला एक तपशील. चौघांपैकी तिघांचं रक्त निवळलं, एकाचं निवळलं नाही. त्या व्यक्तीला पुढे दीड वर्ष दर मंगळवारी सुई मिळत राहिली आणि ती पूर्ण बरी झाली. ती कोण, हे डॉक्टर फेन्स्केंनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. वेसेलबाईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, त्यांना ते एकदाही विचारलं नाही. अख्ख्या लिंडेनथालात न विचारणारं माणूस तेवढं एकच.

वाचकहो, तुम्हीही विचारणार नाही, कारण तुम्हाला गरज नाही. पाद्री, आजी आणि अध्यक्ष, या तिघांतलं एक नाव तुमचं केव्हाच ठरलेलं आहे. त्यासाठी तुम्हाला सुई लागली नाही, नळी लागली नाही, बैलही लागला नाही. तुमची चाचणी राज्याच्या चाचणीपेक्षा पुष्कळ झटपट आहे. आणि तिचा निकाल तीन महिन्यांनीही निवळत नाही.