राखीव झाड योजना

निसर्गाची खरी सेवा करायची असेल, तर आधी निसर्ग थोडा बाजूला सारावा लागतो. शहरात बसून हे कळत नाही. त्यासाठी डोंगरउतारावर स्वतःची जागा घ्यावी लागते. आमच्या कुटुंबाने ती घेतली, आणि कारण होते आमचे बाबा.

शहराच्या धुराने बाबांना धाप लागायची. "उरलेले दिवस झाडाखाली खाट टाकून काढायचेत. बाकी मला काही नको," असं ते म्हणाले. बाकी काही नको म्हणणाऱ्या माणसासाठी किती खटाटोप करावा लागतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

जागेवर जंगल होतं. (जाहिरातीत तसं लिहिलं होतं, पण ते इतकं खरं निघेल असं वाटलं नव्हतं.) घराला, संडास-मोरीला आणि पाहुण्यांच्या तंबूंना जागा हवी, म्हणजे सफाई आलीच. पण आम्ही पडलो झाडांवर जीव टाकणारी माणसं! दादाने बैठक घेऊन ठरवलं, की घरातल्या प्रत्येकाने एक झाड निवडावं आणि त्याला लाल फडकं बांधावं. ते झाड राखीव. बाकीची झाडं कुणाचीच नसल्यामुळे त्यांच्या बाजूने कुणी बोललं नाही. करवत आठवडाभर चालली. इतक्या लोकशाही पद्धतीने जंगल क्वचितच कापलं गेलं असेल.

मग राखीव झाडांवरून घरात खटके उडू लागले. वहिनीच्या झाडाची सावली दादाच्या सोलरवर पडे. दादाचं झाड माझ्या बायकोला दरी दिसू देत नसे. ("आपण दरीसाठीच आलो ना इथे?" हे तिने इतक्या ठामपणे विचारलं, की आम्हा सगळ्यांना ते एकदम आठवलं.) तिच्या झाडावरची माकडं वहिनीच्या स्वयंपाकघरात यायची आणि माझ्या झाडाची मुळं पाण्याचा पाइप उचकटायची. शेवटी तोडगा निघाला. ज्याचं झाड दुसऱ्याला अडेल, त्याने मोठ्या मनाने ते सोडावं. आमच्या घरात मनं फारच मोठी आहेत. बघता बघता हिशेब असा झाला: वृक्षप्रेम शंभर टक्के, वृक्ष एक.

तो बाबांचा. त्याखाली त्यांची खाट होती. तिथे त्यांची धाप थांबली, ते दोन घास जास्त जेवू लागले आणि दुपारी चक्क घोरू लागले. खरं सांगतो, ते घोरणं ऐकून मला फार बरं वाटायचं.

तेवढ्यात तंबू भाड्याने द्यायला 'अरण्याच्या कुशीत' अशी पाटी लागली (लाकूड घरचंच), आणि पहिला फोन तुमचा आला. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही विचारलंत, "झाडी दाट आहे ना?" आम्ही हो म्हणालो. मग विचारलंत, "गाडी थेट तंबूपर्यंत येते ना? मोठी आहे हो." इथे खोटं बोलून चालणार नव्हतं. गाडी वळेल एवढी सपाट जागा एकच होती.

लगेच बैठक झाली.

"अरे, मी अजून झाडाखाली झोपलोय," बाबा म्हणाले.

"म्हणून तर आधी विचारतोय," दादा म्हणाला.

सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. बाबा झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला शहरात नेऊन सोडा. आपल्या गॅलरीसमोर रस्त्यावर एक झाड आहे."

"अहो बाबा, तुमच्यासाठीच तर एवढं केलं!" मी म्हणालो.

"हो रे बाळा. आता पुरे."

तुम्ही आलात, गाडी ऐसपैस लावलीत आणि जाताना अभिप्राय दिलात, की सगळं छान आहे, पण गाडी उन्हात तापते, चार झाडं ठेवायला काय झालं होतं? सूचना रास्त आहे. आम्ही पत्र्याची शेड घालतोय.

काल बाबांचा फोन आला. बोलताना मध्येच त्यांना धाप लागली. म्हणाले, गॅलरीसमोरच्या झाडाखाली कुणीतरी रोज गाडी लावतो. वरून पानं आणि पक्ष्यांची घाण पडते म्हणून त्याने तक्रार केली, आणि झाड आता तोडणार आहेत. मी गाडीचा रंग विचारला. तुमचीच दिसते.